राख, गेंडे आणि तीन बोटांचे घोडे

अमेरिकेतल्या नेब्रास्का राज्यात बघण्यासारखं काही नाही, नुसता मका आणि नाकासमोर जाणारा रस्ता, असं सगळ्यांनी बजावलं होतं आणि खोटं कशाला बोलू, ते खरंच निघालं. आदल्या रात्रीच्या मोटेलबद्दल तर बोलतच नाही, एसी रात्रभर घरघरत होता आणि बंद केला की उकडायचं. पण ॲशफॉल फॉसिल बेड्स या जीवाश्मांच्या जागेला पोचलो आणि सगळी चिडचिड गेली. मग वेगळीच चिडचिड सुरू झाली.

जागा रॉयल नावाच्या चिमुकल्या गावाजवळ आहे. १९७१ साली मायकेल वूरहीस या संशोधकाला इथल्या एका ओघळीत गेंड्याच्या पिल्लाची कवटी मातीतून डोकावताना दिसली, पुढे खणलं तर सांगाडेच सांगाडे. साधारण १ कोटी २० लाख वर्षांपूर्वी आज जिथे आयडाहो आहे तिथे एक अजस्र ज्वालामुखी फुटला आणि त्याची राख दीड हजार किलोमीटर लांब या पाणवठ्यावर येऊन पडली. ही राख म्हणजे काचेची पूडच, श्वासाबरोबर फुप्फुसात जाणारी. छोटे जीव आधी गेले, मग घोडे आणि उंट, धिप्पाड गेंडे सगळ्यात शेवटी, आणि थरही त्याच क्रमाने, तळाशी कासवं नि पक्षी, वर गेंडे.

सांगाडे आहेत तिथेच ठेवून वर मोठी शेड बांधलीय, तिचं नाव राइनो बार्न. तिथेच माझं डोकं फिरलं. सगळी गर्दी गेंड्यांपुढे, आमचे हे सुद्धा, आणि घोड्यांकडे कुणी ढुंकून बघत नव्हतं. मी कठड्याला टेकून एकाच पायाकडे बघत राहिले. मधलं जाड बोट, त्याला खूर, आणि दोन्ही बाजूंना दोन पिटुकली बोटं, सगळी हाडं आपापल्या जागी. म्युझियममधला सांगाडा कुणीतरी जुळवून उभा केलेला असतो, इथे तसं काही नाही, घोडा पडला तसाच पडून आहे. आजच्या घोड्याच्या पायात त्या बाजूच्या बोटांच्या जागी फक्त दोन बारीक हाडं उरलीत, बाहेरून दिसतही नाहीत.

मग तिथे ब्रश घेऊन काम करणाऱ्या विद्यार्थिनीने सांगितलं की या एका पाणवठ्यावर पाच प्रकारचे घोडे मिळालेत. बहुतेक तीन बोटांचे, आणि त्यांच्यातच प्लायोहिप्पस, एका खुराचा. मी म्हटलं, म्हणजे एकाच वेळी? हो, एकाच राखेत मेले!

आपल्या डोक्यात कसं, घोड्याच्या उत्क्रांतीची ती जिना चढल्यासारखी रांग असते, कुत्र्याएवढा इओहिप्पस, मग मेसोहिप्पस, मग मेरीचिप्पस, शेवटी आपला घोडा, बोटं कमी कमी आणि उंची जास्त जास्त. अमेरिकेतल्या येल विद्यापीठात मार्श या जीवाश्म संशोधकाने १८७०च्या दशकात जमवलेल्या हाडांवरून ती रांग लावली होती, १८७६ साली डार्विनचा खंदा समर्थक, इंग्लंडचा जीवशास्त्रज्ञ हक्सली ती हाडं बघून थक्क झाला. मार्शला दोष नाही देत, हाती होतं तेवढ्यावर त्याने बरोबरच मांडलं. पण दीडशे वर्षांनंतरही तोच जिना रंगवत बसायचा म्हणजे काय? इथे जिन्याच्या वेगवेगळ्या पायऱ्या एकाच डबक्यात पाणी पीत होत्या. आणि तीन बोटांचे म्हणजे मागासलेले असंही नाही, त्यांच्याही दाढा उंच, करकरीत गवत चावून झिजल्या तरी पुरतील अशा. दाढा आधी बदलल्या, बोटं बऱ्याच जणांची तशीच राहिली. यातल्या कॉर्मोहिप्पेरियन नावाच्या तीन बोटांच्या घोड्याचं गोत तर पार आशियात पसरलं, आपल्या शिवालिकच्या टेकड्यांतही त्यांची हाडं सापडतात.

हे सगळं मी गाडीत बसल्यावर ह्यांना ऐकवलं, ते म्हणाले गेंड्यांचे फोटो मस्त आलेत.

पुढचे दिवस नातेवाईकांकडे जेवणावळीत गेले, त्यात लिहिण्यासारखं काही नाही. आता मला आयडाहोला जायचंय, जिथून ती राख आली तिथेच हॅगरमनला सुमारे ३५ लाख वर्षांपूर्वीचे एका खुराचे घोडे निघालेत, १९२९ पासून स्मिथसोनियन या अमेरिकेतल्या संग्रहालय संस्थेने खणून काढलेले. मोटेल मात्र ह्या वेळी मी निवडणार.