हत्तीखान्यात बसून सतरावा चॅप्टर

दोन वर्षं झाली कादंबरी लिहायलेय, आमच्या अंबाजोगाईतलीच गोष्ट, दहावीपर्यंत एका गल्लीत वाढलेले दोघं, मग तिला लातूरला दिली, तो पुण्याला नोकरीला, अन् वीस वर्षांनी तो आईच्या दुखण्यापायी परत आलाय, तीही नवरा गेल्यावर लेकराला घेऊन माहेरी. पण त्यांची भेटच लिहून होईना. चारदा लिहिली, चारही वेळा खोटी वाटली.

आज सकाळी वही घेतली अन् सरळ हत्तीखान्यात, म्हणजे आमच्या गावातल्या जुन्या कोरीव लेण्यांत, जाऊन बसले. तिथं एक लेकरू दगडी हत्तीवर चढायलं होतं अन् आजी खालून ओरडायली, "उतर की रे, पडशील!" आणि एकदम डोक्यात आलं की आपल्याकडं अशी दोघं एकटी भेटतच नाहीत ना, कुणीतरी ओळखीचं बघतच असतं, मग बोलणार काय?

म्हणून मार्गशीर्षातलं नवरात्र घेतलं, योगेश्वरीच्या देवळाबाहेरची गर्दी, तो चपला शोधायलाय, ती ओटीचं ताट घेऊन समोर, सोबत चुलत सासू. ती फक्त एवढंच विचारते, "काकूला आता कसंय?" अन् तो म्हणतो, "जेवण जाईना. तुझ्या हातचं वरण मागायली." बस्स. ताटातला नारळ घरंगळतो, तो उचलून देतो, बोटाला बोट लागत नाही.

हे लिहिताना मला रडू आलं, खरंच. लई दिवसांनी असं झालं. येताना देवीला जाऊन आले, उद्या अठरावा सुरू करते.