बाबांची टाटामोबाइल

आज नाना पेठेत स्पेअर पार्टची दुकानं पालथी घालता घालता बाबांच्या पिकअपचा निर्णय झाला. गाडी मूळ रूपातच उभी करायची.

पुतण्याला रुंद अलॉय चाकं, मॅट काळा रंग आणि टर्बो इंजिन हवं होतं. त्याची हौस मला मनापासून आवडते. पण मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाला येईल तसे बदल चालत नाहीत. 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही हे स्पष्ट केलंय. रंग बदलला तर आरसीवर नोंद लागते.

खरं सांगायचं तर कायद्याआधीच माझं मन वळलं होतं. मेस्त्रींनी हौद्याची कड खरवडली, तर निळ्याखाली पांढरा आणि त्याखाली मूळ क्रीम रंग निघाला. तळाचा पत्रा स्क्रूड्रायव्हर टेकवताच भुगा होऊन पडला. "काका, चासी ठणठणीत आहे, हौद्याचा तळ मात्र नवा घ्या," मेस्त्री म्हणाले.

टेल्कोनं, म्हणजे आताच्या टाटा मोटर्सनं, 1988 मध्ये आणलेली ही टाटामोबाइल 206. पुढे 1991 ची टाटा सिएरा गाडी हिच्याच पायावर बनली. अशी गाडी ओळखू येणार नाही इतकी बदलणं मला पटत नाही. वायरिंग नवं आणि सीटबेल्ट चांगले घेणार, तिथे जुन्याचा हट्ट नाही. पुतण्याही तयार झालाय, रंगकाम तोच बघणार.

पुढची ग्रिल आणि टेललाइटच्या काचा अजून मिळायच्यात. कुणाकडे पडून असतील तर जरूर कळवा, योग्य किंमत देईन.