बनशंकरी, गुळेदगुड्ड, इलकल: खणाच्या मागावर

आजीच्या ट्रंकेत एक काळी इरकल, म्हणजे इलकलची साडी, होती. अंगभर विरलेली, पदर मात्र अजून लालभडक. ती पिशवीत घालून आई आणि मी सोलापूरहून निघालो. विजापूर, बागलकोट करत बदामी. लेण्यांबद्दल पुष्कळांनी लिहिलंय, मी सोडून देते.

बदामीजवळ बनशंकरीला ओटी भरायची होती. दुकानात नारळ, तांदूळ आणि एक चकचकीत घडी. आईने ती उलगडली नि म्हणाली, "याला खण म्हणायचं? याची बाहीसुद्धा होणार नाही." तिचं लहानपण खणाच्या परकर-पोलक्यात गेलेलं, त्यामुळे तिला हा अपमानच वाटला.

खरा खण तिथून जवळच, गुळेदगुड्डला विणतात. गल्लीत शिरलं की आधी खटखट ऐकू येते, मग माग दिसतो. माग रुंदीला लहान, कारण खण मुळात चोळीपुरताच. अंगावर बारीक नक्षी आणि दोन्ही कडांना वेगळ्या रंगाचे काठ. हे काठच चोळीच्या बाहीवर आणि पाठीवर यायचे. आजीची हिरवी चोळी काळ्या लुगड्यावर उठून दिसायची. लुगड्याशी रंग जुळवायचा असतो हे तिच्या पिढीच्या गावीही नव्हतं.

जुळवायचं खूळ आलं पाचवारीबरोबर. नऊवारीला आतून काही लागत नाही, काष्टा घातला की बाई शेतात जायला मोकळी. पाचवारीला आधी परकर हवा, मग त्याच रंगाचा ब्लाऊज, पुढे फॉल आणि पिको. १९४३ साली कापडावर सरकारी नियंत्रण आलं, तेव्हा चार वार वाचणंही काही घरांना सोयीचं झालं असेल. पण आईच्या मते खरं कारण शाळा-कॉलेज. "वर्गात सगळ्या गोल नेसणाऱ्या, मी एकटी काष्ट्यात कशी जाणार?" आजीने तोंड वाकडं केलं, तरी परवानगी दिली. स्वतः मात्र शेवटपर्यंत नऊवारीच. मग नायलॉन आलं. १९७४ साली आईच्या रुखवतात खणाची एकही चोळी नव्हती, मॅचिंग ब्लाऊजपीस बाराच्या बारा. असं घराघरात झाल्यावर गुळेदगुड्डचे माग थंडावले, यात नवल नाही.

आता तेच विणकर साडीच्या पन्ह्याचा खण विणतात. चोळीचं कापड साडी होऊन बसलंय! मला पटायला वेळ लागला. जरा जड होते अंगावर, खरं सांगायचं तर.

दुसऱ्या दिवशी इलकल. हा मुलूख १९५६पर्यंत मुंबई राज्यात होता. म्हातारे विणकर मराठी बोलले तेव्हा आईला फार बरं वाटलं. त्यांच्यातल्या एकांनी आजीची इरकल हातात घेतली, नक्षीकडे पाहिलंही नाही. अंगठा फिरवत पदराच्या सुरुवातीला थांबले. "ही कोंडी."

अंगाचा सुती ताणा (उभे धागे) वेगळा, पदराचा रेशमी वेगळा. धाग्याच्या फासात धागा अडकवून एकेक जोडायचे, मग विणायचं. म्हणून तोप-तेनी, म्हणजे इरकलीच्या ठरावीक लाल रेशमी, पदराच्या साडीचा ताणा दर साडीला नव्याने, तिच्या मापाने लावावा लागतो. नेसणं बदललं की ते आधी ताण्याला कळतं.

"किती वार होती?" त्यांनी विचारलं.

"नऊ."

"आता सांगून ठेवलंत तरच लावतो, अक्का. लग्नाला हवी असते, पण मुली शिवलेली घेतात. पाय घातले की झालं." त्यांनी हे कौतुकाने सांगितलं की वैतागून, ते शेवटपर्यंत कळलं नाही.

इलकलच्याच एका दुकानात आईने खणाची साडी घेतली, मोरपंखी. तासभर घासाघीस झाली, अर्धी कानडीत, अर्धी बोटांनी. पैसे देताना मालकांनी सवयीने विचारलं, "मॅचिंग ब्लाऊजपीस?"

"नको," आई म्हणाली. "घरचा लाल पदर आहे. त्याची चोळी शिवीन."

मी पिशवी छातीशी धरली.