संत्र्याचे खुंट काढताना

कळमेश्वरकडच्या आमच्या संत्र्याच्या बागेत डिंक्याने, म्हणजे बुंध्यातून डिंक गळणाऱ्या रोगाने, बरीच झाडं वाळली. ती तोडली, पण खुंट जमिनीतच राहिले. तिथेच नवी रोपं लावायची असतील तर मुळांसकट खुंट काढणं भाग होतं, कारण हा रोग फायटोफ्थोरा बुरशीचा आणि ती जुन्या मुळांत आणि मातीत टिकून राहते.

गावात सगळे म्हणाले, जेसीबी बोलवा. पण आमची लागवड २० बाय २० फुटांची आणि मेलेल्या झाडांच्या आजूबाजूला जिवंत झाडं. जेसीबीचा हात फिरला की फांद्या गेल्याच, शिवाय त्याच्या वजनाने काळी माती दबते ती वेगळीच. म्हणून साधारण तीन टनांचा, रबरी पट्ट्यांचा मिनी एक्स्कॅव्हेटर, म्हणजे खोदाईचं छोटं मशीन, तासावर घेतला.

काळ्या मातीत मुहूर्त साधावा लागतो. पावसाळ्यात मशीन रुततं, मे महिन्यात जमीन दगड होते. आम्ही अंबिया बहाराची, म्हणजे हिवाळ्याच्या सुरुवातीला येणाऱ्या संत्र्यांची, तोड झाल्यावर हलकं पाणी दिलं, वाफसा (माती ना चिकट ना कोरडी) येऊ दिला आणि ठिबकच्या नळ्या गुंडाळून बाजूला ठेवल्या.

मला वाटलं होतं, ऑपरेटर सरळ बकेट घालून खुंट उपटेल. तो म्हणाला, "भाऊ, असं नाही निघत. आधी मुळं तोडा लागते." त्याने बकेट काढून एकच दात असलेला रिपर लावला आणि खुंटाच्या तीन बाजूंनी खोल चिरा पाडल्या. आमच्या संत्र्याचं कलम जंभेरी लिंबावर बांधलेलं, त्या जंभेरीची आडवी मुळं कडाकड तुटली. मग अरुंद बकेट चौथ्या बाजूने खाली घालून आत वळवली. खुंट मातीच्या गड्ड्यासकट वर आला. तो हवेतच दोन-चार वेळा झटकायचा, म्हणजे माती खड्ड्यातच राहते. ही शिस्त त्याला सांगावी लागली नाही, यातच त्याचं कसब कळलं.

विहिरीजवळच्या कडुनिंबाचं प्रकरण वेगळं होतं. वादळात पडलेलं जुनं झाड, बुंधा कवेत न मावणारा आणि खालून विहिरीच्या पंपाची केबल आणि पाइप गेलेले. उपटला असता तर मुळांबरोबर पाइपही वर आला असता. त्यासाठी बॉबकॅटला (छोट्या लोडर मशीनला) लावायचा स्टंप ग्राइंडर, म्हणजे बुंधा जागेवरच कापून चिपा करणारं चाक, शोधला.

भाड्याने देणाऱ्याला पहिला प्रश्न विचारायचा तो तेलाच्या प्रवाहाचा. ग्राइंडरचं चाक हायड्रॉलिक मोटारीवर, म्हणजे मशीनने पाठवलेल्या तेलाच्या दाबावर, फिरतं. मिनिटाला ६० लिटर तेल आणि २०० बार दाब म्हणजे कागदावर २० किलोवॉट ताकद. मोटारीला जास्त प्रवाह लागत असेल आणि मशीन तेवढा देत नसेल, तर चाक लाकडात अडकून थांबत राहतं आणि तेल तापतं. भाडं मात्र चालूच.

जोडायच्या नळ्या तीन: दाबाची, परतीची आणि एक बारीक केस ड्रेनची, म्हणजे मोटारीच्या आत झिरपलेलं तेल परत नेणारी. ही तिसरी राहिली तर मोटारीचं सील फुटतं. नळ्या उन्हात पडलेल्या होत्या. आतलं तेल तापून दाब धरून बसलं होतं आणि कपलिंग (नळीची जोड) काही केल्या बसेना. आपलं नागपूरचं ऊन! दाब सोडून, तोंडं स्वच्छ पुसून मगच ती बसली.

बुंध्याभोवतीचे दगड आधी हाताने वेचले, कारण कार्बाइडचे दात लाकडाला बनवलेले असतात, दगडाला नाही. चाक डावीकडून उजवीकडे पातळ थर घेत फिरतं आणि चिपा लांबवर उडतात. पोरांना आणि बैलांना आधीच लांब पाठवलं होतं. पाइपच्या वर वीतभर अंतर ठेवून काम थांबवलं.

ग्राइंडर भारी दिसतो, पण संत्र्याच्या जागी तो माझ्या मते कामाचा नाही. वरचा बुंधा जातो, रोगट मुळं तशीच राहतात. तिथे पुन्हा झाड लावायचं असेल तर उपटाच.

संत्र्याचे खड्डे उन्हाळाभर उघडे तापू दिले. पावसाळ्यात शेणखत आणि ट्रायकोडर्मा (रोगाच्या बुरशीला रोखणारी उपयोगी बुरशी) घालून अमरावती रोडवरच्या लिंबूवर्गीय फळ संशोधन संस्थेतून आणलेली रोपं लावली. कडुनिंबाच्या जागी पंपाच्या शेडचा ओटा घालायचा आहे, पण खाली राहिलेली मुळं कुजली की जमीन बसणार. त्यामुळे चिपा उचलून सध्या नुसता मुरूम भरून ठेवलाय.