फक्त तीन चौकोन

आज संध्याकाळी लेकीच्या शाळेत सिक्स्थ फॉर्मच्या, म्हणजे शाळेच्या शेवटच्या दोन वर्षांच्या, माहितीसाठी गेलो होतो. ती आता इयर इलेव्हनमध्ये आहे, म्हणजे येत्या उन्हाळ्यात जीसीएसई, आपल्या दहावीसारखी परीक्षा. इथे इंग्लंडमध्ये टक्के नाहीत, प्रत्येक विषयाला ९ ते १ असे ग्रेड. गणितात आणि इंग्लिशमध्ये ४ मिळाले नाहीत तर पुढेही ते विषय करत राहावे लागतात.

पण खरी गोष्ट त्यानंतरची. ए-लेव्हलला, म्हणजे सिक्स्थ फॉर्मच्या अभ्यासक्रमाला, साधारणपणे तीनच विषय, दोन वर्षं. आपल्यासारखी सायन्स-कॉमर्स-आर्ट्स अशी शाखा नाही. लेक म्हणाली, "आई, मी गणित, केमिस्ट्री आणि इतिहास घेऊ?" माझ्या तोंडून पटकन "इतिहास कशाला?" निघालं आणि तिचा चेहरा उतरला. फार वाईट वाटलं मला.

मग इतिहासाच्या टेबलापाशी गेलो. बाईंनी तिची वही उघडली आणि एका परिच्छेदावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही मुलगी पुरावा तपासते, नुसतं पाठ करत नाही." लेक कानापर्यंत लाल झाली!

काळजी मात्र आहेच. सोळाव्या वर्षी फिजिक्स सोडलं की इंजिनीअरिंगचं दार बहुतेक बंदच. इतक्या लहान वयात एवढं ठरवायला लावणं मला अजूनही पटत नाही.

विषय निवडायच्या फॉर्मवर तीन चौकोन आहेत. तिने तिन्ही पेन्सिलने भरलेत, इतिहास सगळ्यात वर. फॉर्म आत्ता फ्रिजवर लावलाय.