चालतंय काय बघा की

आमच्या घरात टीव्हीच्या खालच्या खणात बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा आहे, त्यात एकेचाळीस पेनं आहेत, सगळी लाकडाची, सगळी मीच घरी कातलेली. आणि किराणाची यादी करायची वेळ आली की बायको घरभर पेन शोधत फिरते, शेवटी पोराच्या दप्तरातलं टोपण चावलेलं एखादं पेन सापडतं आणि त्यानं 'तूरडाळ 1 किलो' लिहिलं जातं. डब्याला कोण हात लावत नाही. लावला की मी लगेच 'अगं ते नको, त्याचं पॉलिश अजून बसलेलं नाही' असलं कायतरी म्हणतो, हे मान्य आहे मला.

मी बेळगावला उद्यमबागेत एका वर्कशॉपला बावीस वर्षं लेथवर, म्हणजे कातायच्या यंत्रावर, आहे. आधी साध्या लेथवर होतो, आता सीएनसी, म्हणजे कॉम्प्युटरवर चालणाऱ्या. त्यामुळं घरात लाकडाचा छोटा लेथ आणला त्या दिवशी बायकोनं कपाळाला हात लावला. "काय ओ, तिथं पोट भरलं नाही होय? घरी येऊन परत लेथच?" तिचं चूक नाही. हलवाई घरी जाऊन परत जिलेबी तळत बसत नाही. खरं लोखंड आणि लाकूड हे दोन वेगळे विषय आहेत हे तिला कसं सांगायचं. लोखंड ड्रॉइंगप्रमाणं वागतं, पंचवीस मिलिमीटर म्हटलं की पंचवीसच, एक-दोन शंभरांश इकडं तिकडं झालं तर इन्स्पेक्शनवाला परत पाठवतो. लाकडाला ड्रॉइंग कळतच नाही. मे महिन्यात घट्ट बसवलेला लाकडाचा डबा जुलैत उघडत नाही आणि बेळगावचा जुलै म्हणजे काय असतो ते इथल्या माणसाला सांगायला नको, कपाटातल्या कपड्यांनासुद्धा बुरशी येते, मग लाकडानं फुगू नये तर काय करावं.

जिन्याखाली जागा केली. अर्ध्या एचपीची जुनी मोटर, ती 1440 आरपीएमची, पुल्या बदलून दुप्पट स्पीड काढलं कारण पेनासारख्या बारीक कामाला स्पीड लागतं. आवाज एवढा नाही, भुसा मात्र वाळत घातलेल्या कपड्यांवर जातो आणि त्यावरनं जे व्हायचं ते दर रविवारी होतं. "काय करालाय ओ एवढा वेळ?" "पेन करालोय." हा आमचा ठरलेला संवाद.

पेन होतं कसं ते जरा सांगतो, कारण लोकांना वाटतं की लाकूड घेतलं, गोल केलं, आत रिफिल घातली. तसं नसतंय. वीस मिलिमीटर चौकोनी आणि साधारण पाच इंच लांब अशी काठी घ्यायची, तिचे दोन तुकडे करायचे, दोघांच्या बरोबर पोटातनं सात मिलिमीटरचं भोक पाडायचं. खरं कसब इथंच आहे, कातण्यात नाही. ड्रिल लाकडाच्या रेषेमागं वाहवत जातं, घाई केली की तापतं, तापलं की लाकूड आतनं तडकतं आणि तडा तेव्हा दिसत नाही, पॉलिश झाल्यावर दिसतो. सारखं बाहेर काढून भुसा झाडायचा, परत आत. आणि पलीकडनं बाहेर येताना शेवटच्या अर्ध्या सेंटिमीटरला ढलपीच उडते, म्हणून तुकडा आधीच थोडा लांब ठेवायचा. मग भोकात पितळेची नळी अरॅल्डाइट लावून बसवायची, एक रात्र ठेवायचं, मँड्रेलवर, म्हणजे लेथवरच्या फिरत्या सळईवर, चढवायचं आणि पटाशी धरायची.

नंतरचा अर्धा तास मात्र सुखाचा असतो. चौकोनी तुकडा सुरुवातीला ठकठक करतो, मग हळूहळू आवाज गोल होत जातो, होय, आवाजच गोल होतो, आणि एकदा का धार लागली की लाकडाची पातळ फीत सुटते, हाताच्या मनगटावरनं कोपरापर्यंत गरम गरम येते. शिसवीचा वास गोडसर, गुलाबाच्या जवळपासचा. सागवान तेलकट वास मारतं आणि पटाशीची धार खातं, त्याच्यात सिलिका असते म्हणे, दर पाच मिनिटाला दगडावर न्यावी लागते. फणसाचं तर विचारूच नका.

फणस आमच्या मावशीच्या दारातला, जांबोटीकडं गाव आहे तिचं. पावसात झाड पडलं, मुलांनी तोडून सरपणाला लावलं, मी सरपणातनं दोन ओंडके उचलून आणले. इंचाला एक वर्ष वाळवायचं असा जुन्या सुतारांचा हिशोब, तेवढा धीर धरला. ताजं कापलेलं फणसाचं लाकूड लिंबासारखं पिवळं असतं, मग उजेडानं ते तांबूस, तपकिरी होत जातं. त्या ओंडक्याची दोन पेनं एकाच दिवशी केली होती. एक डब्यात ठेवलं, एक मेहुण्याला दिलं. डब्यातलं चार वर्षांनीसुद्धा पिवळंच आहे आणि मेहुण्याच्या खिशातलं गुळाच्या ढेपेसारखं झालंय. दोन्ही शेजारी ठेवली तर एकाच झाडाची आहेत म्हणून कोण विश्वास ठेवणार नाही. खरं सांगायचं तर त्याचं जास्त भारी दिसतंय, हे मी त्याला सांगितलेलं नाही.

डब्यात खानापूरच्या एका पाडलेल्या घराच्या चौकटीचं सागवान आहे, अजून त्यावर खिळ्याच्या गंजाचा काळा ठिपका दिसतो, तो मी मुद्दाम वरच्या बाजूला घेतला. चिंच आहे, पेरू आहे, बाभूळ आहे. काळा कुडा आहे, नाव काळा खरं लाकूड पांढरंशुभ्र, हस्तिदंत म्हणून खपेल असं. चन्नपट्टणची खेळणी ह्याचीच करतात, कन्नडात त्याला हाले म्हणतात. तिथं लेथवर फिरत्या लाकडाला लाखेची कांडी दाबून धरतात, घर्षणाच्या उष्णतेनं लाख वितळून बसते आणि मग केवड्याच्या पानानं घासून चमक आणतात. मला पण खुमखुमी आली. केवड्याचं पान आणलं, त्याच्या कडेला करवतीसारखे काटे असतात हे कोण सांगणार मला, पेनापेक्षा माझी बोटंच जास्त लाल झाली. ते पेन डब्यात आहे पण तळाला.

चंदन नाही. प्रत्येकजण विचारतो, "चंदनाचं नाही होय?" नाही ओ बाबा. कर्नाटकात राहून घरात बिनकागदाचं चंदन ठेवायचं आणि रात्री दारावर थाप पडली की दचकायचं, एवढी पेनाची हौस नाही मला.

आता एक कबुली. लाकडाचं पेन लाकडाचं पेन म्हणून मी मिरवतो खरं, कातून कातून शेवटी पितळी नळीवर पाऊण मिलिमीटरसुद्धा लाकूड उरत नाही. बाकी सगळं खाली कपड्यांवर. टोक, क्लिप, फिरवायची यंत्रणा, मधली रिंग हे सगळं किटमध्ये विकत येतं. एकदा ऑनलाइन वीस किट मागवले, दोन महिन्यांत क्लिपचा सोनेरी मुलामा उतरून आत काळं दिसायला लागलं, फोन केला तर तो माणूस म्हणतो तुमच्या घामात ॲसिड जास्त असेल. आता घामाचं पण इन्स्पेक्शन करून घ्या म्हणा. मुद्दा काय, तर माझ्या पेनात माझं म्हणजे नुसती साल. आंध्रात राजमहेंद्रीला रत्नम म्हणून एका माणसानं सगळंच्या सगळं देशी पेन केलं होतं, ते गांधीजींकडं पोचलं आणि 1935 साली त्यांनी पत्र लिहून पसंती कळवली. तिकडं अजून एबोनाइटची, म्हणजे कडक रबराची, पेनं लेथवर हातानं कातून होतात. त्यांच्यापुढं मी म्हणजे उशीला अभ्रा शिवणारा.

डब्याच्या शेजारी एक शंभर पानी वही असते. घरी आलेल्या माणसाला पेन हातात दिलं की तो आधी वळवून बघतो, वास घेतो (घेतातच), आणि मग कागद शोधतो. म्हणून वही. "चालतंय काय बघा की" म्हणून पुढं करायची. आणि लोक काय लिहितात ते बघण्यासारखं असतं. पहिल्यांदा सगळे गोल गोल रेघोट्या ओढतात, स्प्रिंगसारख्या. मग बहुतेक जण 'श्री' लिहितात. तिसऱ्यांदा स्वतःचं नाव किंवा सही. चौथी गोष्ट आजपर्यंत कुणी लिहिली नव्हती. एवढा मोठा माणूस, हातात पेन, समोर कोरं पान, आणि लिहायला काय तर स्वतःचंच नाव. मी पण तेच करतो, हसायचं कारण नाही. वर्कशॉपमधला आमचा सुपरवायझर आला होता, त्यानं सवयीनं 'ओके' लिहून तारीख टाकली.

शेजारचे अण्णा कन्नडात लिहितात. आमच्याशी मराठी बोलतात, बायकोशी कन्नड, मोटरसायकलशी हिंदी. त्यांच्यामुळं मला एक गोष्ट कळली. कन्नड अक्षर सगळं वळणाचं, लाडवासारखं गोल, ताडपत्रावर सरळ रेघ मारली तर पान फाटायचं म्हणून अक्षरं गोल झाली असं म्हणतात. त्यामुळं रिफिल वळणावर शाई सोडते काय ते अण्णांच्या दोन ओळीत समजतं. आणि मराठी लिहिताना वरची रेघ मारायला लागली की सरळ ओढीत कुठं तुटतंय ते समजतं. म्हणजे पेन पास व्हायचं असेल तर दोन्ही पाहिजे. मी आता नवीन पेन झालं की आधी अण्णांकडं नेतो, मग घरी आणून बायकोकडनं 'तूरडाळ' लिहून घेतो. तेवढ्यापुरतीच तिला परवानगी आहे असं ती म्हणते.

गेल्या दिवाळीला आमचे जुने गुरुजी आले होते, शाळेतनं रिटायर होऊन वीसेक वर्षं झाली असतील. डबा पुढं केला. त्यांनी बॉलपेनांकडं बघितलंच नाही, निबवाली तीन आहेत त्यातलं चिंचेचं घेतलं, वही उघडली आणि डाव्या कडेपासनं उजव्या कडेपर्यंत एक लांब रेघ ओढली. मला वाटलं, झालं, गुरुजी नुसती रेघ मारून बघालेत. मग त्याच्या खाली दुसरी, तिसरी. आणि मग पहिल्या रेघेला त्यांनी अक्षरं टांगायला सुरुवात केली, हात न उचलता, एकातनं दुसरं, दुसऱ्यातनं तिसरं. मोडी. मोडीत रेघ आधी ओढायची आणि मग लिहायचं, हे मला त्या दिवशी समजलं. आजोबांच्या जमिनीचे कागद आमच्या ट्रंकेत मोडीतच आहेत, ओळीच्या ओळी रेघेला लोंबकळलेल्या, घरात एकाला वाचता येत नाहीत.

तीन ओळी लिहून त्यांनी पेन खाली ठेवलं. "गुळगुळीत आहे," म्हणाले. मी खूश. "खरं ह्याला जाड-बारीक येत नाही. टोक तिरकं पाहिजे. बोरू करून दे की मला एक."

बोरू! मी म्हटलं, गुरुजी, लेथवर काय पण होतं, देतो. ते गेल्यावर विचार केला तर लेथवर करायचं काय? बोरू म्हणजे काडीची लेखणी, आधीच गोल, आधीच पोकळ. ड्रिल नको, नळी नको, अरॅल्डाइट नको, किट तर नकोच.

खानापूरला मलप्रभेच्या काठाला, घाटाच्या खालच्या अंगाला गेलो आणि बोरूच्या काड्यांची एक जुडी कापून आणली, पँट गुडघ्यापर्यंत चिखलात. उन्हात पंधरा दिवस वाळवल्या. गुरुजींनी फोनवर सांगितलं होतं, तिरका काप एका दणक्यात घ्यायचा, चाकू पुढं-मागं करायचा नाही, मग टोकाला मधोमध एक चीर द्यायची म्हणजे शाई उतरते. बावीस वर्षं शंभरांश मिलिमीटरात काम करणारा माणूस मी, सहा काड्या वाया घालवल्या. कधी चीर पार खालपर्यंत पळायची, कधी टोकच उडून जायचं. सातवीला मी माझ्या सगळ्या पटाश्या बाजूला ठेवल्या आणि स्वयंपाकघरातनं भाजी चिरायची सुरी आणली.

ती बसली. शाईत बुडवली, वहीत आधी रेघ ओढली, ह्या कडेपासनं त्या कडेपर्यंत. वर जाड, शेवटी बारीक. रेघ तर मस्त आली, तिच्याखाली काय टांगायचं ते सुचेना.

"माझी सुरी कुठाय ओ?" आतनं आवाज आला.