डुकराचं क्लोनिंग अडतं ते स्त्रीबीजापाशी

जनुकबदल केलेल्या डुकरांची बातमी आली की सगळं कौतुक क्रिस्परच्या, म्हणजे जनुक कापून बदलण्याच्या तंत्राच्या, वाट्याला जातं. ७ जानेवारी २०२२ ला अमेरिकेत मेरीलँडमध्ये डेव्हिड बेनेट यांना १० जनुकबदल असलेल्या डुकराचं हृदय बसवलं, तेव्हाही हेच झालं. खरं तर जनुक कापणं हा आता त्यातल्या त्यात सोपा भाग आहे. पुढे क्लोनिंग असतं: स्त्रीबीजातली गुणसूत्रं काढायची, जनुक बदललेली पेशी त्यात ठेवायची आणि तयार झालेला भ्रूण मादीत सोडायचा. गाडी अडते ती स्त्रीबीजापाशी, आणि नागपुरात तर थेट हवेशी झुंजावं लागतं.

पेशींचं आधी उरकून घेऊ. साधारण ३५ दिवसांच्या गर्भातून फायब्रोब्लास्ट (संयोजी ऊतींतल्या पेशी) काढायच्या, त्यांत विजेच्या झटक्याने कॅस९ (जनुक कापणारं प्रथिन) आणि गाइड आरएनए (कुठे कापायचं ते दाखवणारा रेणू) सोडायचे, आणि ९६ खणांच्या प्लेटमध्ये खणागणिक एकच पेशी वाढवायची. जनुकाच्या दोन्ही प्रती बदललेली वसाहत सापडली की लगेच गोठवायची. फार दिवस वाढवत बसलं तर या पेशी म्हाताऱ्या होतात. थेट भ्रूणात क्रिस्पर सोडलं तर काही पेशी बदललेल्या, काही जुन्याच, असं पिल्लू निघू शकतं. क्लोनिंगचा एवढा खटाटोप करायचा तो ते टाळण्यासाठी.

आता अंडाशय. कत्तलखान्यातून ते ०.९ टक्के सलाइनमध्ये, अँटिबायोटिक घालून, थर्मासमध्ये ३० ते ३५ अंशांवर आणायचे. डुकराच्या स्त्रीबीजात चरबी भरपूर असते, त्यामुळे ते थंडीला फार नाजूक. १५ अंशांखाली गेलं की बाद समजा. डिसेंबरच्या सकाळी नागपुरात हा धोका खराच असतो, म्हणून थर्मास आधी कोमट पाण्याने धुऊन घ्यावा. मे महिन्यात उलटं: उन्हात उभ्या गाडीच्या डिकीत थर्मास राहिला तर आतली बीजं शिजतात, आणि त्या दिवशी तरी भिंगाखाली ते कळतही नाही. कळतं ते दोन दिवसांनी, पक्वता मोजताना. झाकणातून तापमापीची तार आत सोडून आकडा बघत आणावं.

अंडाशयावरचे ३ ते ६ मिलिमीटरचे फॉलिकल (बीज असलेले द्रवाचे फुगे) १८ गेजच्या सुईने ओढायचे आणि भोवती क्युम्युलस, म्हणजे बीजाला वेढणाऱ्या, पेशींचे घट्ट थर असलेलीच बीजं घ्यायची. ती पक्व व्हायला ठेवायची: ३८.५ अंश, ५ टक्के कार्बन डायऑक्साइड, ४२ ते ४४ तास. मग हायल्युरोनिडेज या विकराने भोवतालच्या पेशी सोडवून पहिली पोलर बॉडी (पक्व होताना बीज बाहेर टाकतं तो छोटा गोळा) दिसते का ते बघायचं. आता बीजाची स्वतःची गुणसूत्रं काढायची, पण चरबीमुळे बीज काळपट असतं, ती दिसत नाहीत. त्यामुळे पोलर बॉडी आणि तिच्यालगतचा थोडा सायटोप्लाझम (पेशीतला द्रव) अंदाजाने ओढून घेतात, किंवा होक्स्ट या डीएनए रंगवणाऱ्या रंगाने रंगवून अतिनील प्रकाशात बघतात. हा प्रकाश दोन-चार सेकंदांपलीकडे गेला तर बीजाची शक्ती जाते.

दाता पेशी, म्हणजे जनुक बदललेली ती फायब्रोब्लास्ट, आत ठेवण्याआधी वाढ थांबलेल्या अवस्थेत हवी. डीएनएची नक्कल चालू असताना ती पक्व बीजात गेली तर गुणसूत्रं फाटतात. पेशी आणि बीज यांच्या जोडणीसाठी ०.३ मोलर मॅनिटॉलचं द्रावण आणि सेंटिमीटरला १.२ किलोव्होटच्या आसपास ३० मायक्रोसेकंदांचे दोन झटके. पेशी आणि बीज एकमेकांना टेकतात ती बाजू इलेक्ट्रोडला समांतर नसेल तर झटका जातो, पण जोडणी होत नाही. नवख्या हातांचं सर्वात जास्त नुकसान इथेच होतं आणि दोष मात्र व्होल्टेजला दिला जातो. व्होल्टेज वाढवलं की बीजं फुटतात. द्रावणात कॅल्शियम १ मिलिमोलर ठेवलं तर बीज त्याच झटक्यात जागं होतं, म्हणजे भ्रूण म्हणून वाढू लागतं, ०.१ ठेवलं तर पुढे वेगळं जागवावं लागतं.

एका मादीत शंभराहून जास्त भ्रूण का सोडतात, हा प्रश्न हमखास येतो. डुकरीणीत साधारण बाराव्या दिवशी किमान चार भ्रूणांनी संकेत दिला नाही तर गर्भधारणा टिकत नाही, आणि क्लोन भ्रूणांपैकी पिल्लापर्यंत पोचतात ते शंभरात जेमतेम एक ते पाच.

गर्भकाळ ११४ दिवसांचा. डुकराला घाम जवळजवळ येत नाही आणि पहिल्या महिन्यात मादीला उष्मा बाधला तर भ्रूण गळतात. म्हणून नागपुरात भ्रूण सोडायचे ते नोव्हेंबरात. १० नोव्हेंबर धरला तर प्रसूती मार्चच्या पहिल्या आठवड्यात येते, मेअखेरचा नवतपा तर दूरच. कूलरच्या भरवशावर उन्हाळी वेळापत्रक आखू नये. मेच्या कोरड्या हवेत कूलर चालतो. जुलैच्या दमट हवेत तो नुसता ओलावा वाढवतो.

गर्भ एक-दोनच असले तर प्रसूती लांबते, म्हणून सिझेरियनची तयारी हवी. क्लोन पिल्लांत मोठी जीभ, आखडलेले पाय, अशक्तपणा दिसतो. वारेतून डुकराच्या पिल्लाला प्रतिपिंडं मिळत नाहीत, त्यामुळे पहिल्या २४ तासांत चीक (प्रसूतीनंतरचं पहिलं दूध) पोटात जायलाच हवा. रोगाच्या अभ्यासासाठीची पिल्लं असतील तर दुसऱ्या मादीचा गोठवलेला चीक कोमट करून चालतो. अवयव द्यायचे असतील तर तो पोर्साइन सायटोमेगॅलोव्हायरस या डुकरांच्या विषाणूपासून मुक्त कळपातलाच हवा, नाहीतर चिकाशिवाय निर्जंतुक वाढवण्याची सोय हवी. बेनेट यांना बसवलेल्या हृदयात नंतर हाच विषाणू सापडला होता.